कॅन्सर होऊन गेलाय आणि परदेशी जायचंय? ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना हे बघा

आईला २०१९ ला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोज लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची) एक गोळी आणि ठरलेला फॉलोअप, बाकी ठणठणीत. ताई जर्मनीत असते, तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा एजंट घरी आला आणि फॉर्म भरताना म्हणाला, काकू तिथे नो लिहा, इतकी वर्षं झाली आता कोण बघतंय. आईने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अरे माझ्या अंगावर टाके आहेत, ते कुठल्या रकान्यात लपवू?"

तिचं बरोबर होतं. नो लिहून पॉलिसी निघते हो, अगदी दहा मिनिटांत निघते, पण परदेशात अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली की तिथला डॉक्टर पहिल्यांदा जुना इतिहासच विचारतो, तो कागदावर येतो आणि कंपनी तोच कागद मागवते. मग आजाराचा कॅन्सरशी संबंध असो नसो, माहिती लपवली या एका मुद्द्यावर क्लेम अडकू शकतो. त्यामुळे एजंट काहीही म्हणो, खरं ते लिहायचं, आणि एजंटने भरलेला फॉर्म सही करायच्या आधी स्वतः वाचायचा.

सगळ्यात आधी ऑन्कॉलॉजिस्टकडून, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून, पत्र घ्या, तिकीट काढायच्याही आधी. नुसतं "फिट टू ट्रॅव्हल" एवढं नको. निदान काय होतं, कुठली स्टेज, ऑपरेशन कधी, शेवटची किमो आणि रेडिएशन कधी, आत्ता कुठली औषधं चालू आहेत, शेवटच्या तपासणीत काय आलं आणि या तारखांना प्रवास करायला हरकत नाही, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट पाहिजे. कारण डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध प्रवास केला तर काही मिळणार नाही असं कलम बहुतेक पॉलिसीत असतं, आणि प्रवास उपचारासाठीच केला असेल तरी तेच. किमो चालू असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर कंपन्या बऱ्याचदा नाहीच म्हणतात. अशा वेळी पॉलिसीच्या मागे धावण्यापेक्षा तारखा पुढे ढकलता येतात का हे डॉक्टरांशी बोला.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसीत आधीपासूनचा आजार कव्हर होत नाही. काहींमध्ये त्या आजारामुळे जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरता खर्च देतात, तोही ठराविक रकमेपर्यंत. एजंट दाखवतो तो रंगीत कागद दोन पानांचा असतो, त्यात हे सापडणार नाही. पूर्ण पॉलिसी वर्डिंगची, म्हणजे सगळ्या अटींच्या मजकुराची, पीडीएफ मागवा आणि त्यात प्री-एक्झिस्टिंग, कॅन्सर, लाइफ थ्रेटनिंग हे शब्द सर्च करून प्रत्येक ठिकाणी काय लिहिलंय ते वाचा. आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो, एका पॉलिसीत पुढच्या पानावर आजारपणाला मोठ्ठी रक्कम आणि मागे बारीक अक्षरात आधीच्या आजाराला त्याचा एक छोटासा तुकडा.

आधीपासूनचा आजार म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याही बघा. नेहमीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये २०२४ पासून पॉलिसीच्या आधीचे ३६ महिने धरतात, पण ट्रॅव्हल पॉलिसीची स्वतःची व्याख्या वेगळी असू शकते. आणि बरेच जण इथे फसतात, ऑपरेशन दहा वर्षांपूर्वी झालं असलं तरी गोळी आज चालू आहे म्हणजे उपचार आज चालू आहेत.

मग कंपनीला ईमेल करा. फोन नको, ईमेलच. आम्ही तीनच प्रश्न विचारले. कॅन्सर आणि लेट्रोझोल सांगून पॉलिसी काढली तर ताप, न्यूमोनिया, अपघात यांचा खर्च पूर्ण मिळणार का. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होऊ शकतात, तर आई पडून हाड मोडलं तर ते अपघात धरणार की जुना आजार. आणि पायात रक्ताची गाठ झाली तर काय, कारण कॅन्सरमध्ये तो धोका जास्त असतो आणि लांबच्या विमानप्रवासात आणखी वाढतो. एका कंपनीने गोलमाल उत्तर दिलं, ती सोडली. दुसरीने स्पष्ट लिहिलं, तिची पॉलिसी घेतली आणि ईमेलची प्रिंट काढून ठेवली.

जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या शेंगेन व्हिसाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. व्हिसाला निदान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामासाठी, आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च त्यात धरलेला पाहिजे. पण व्हिसाला चालते ती पॉलिसी तुमच्या आजाराला चालेलच असं नाही. व्हिसा मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नका.

अमेरिकेला आईवडिलांना नेणाऱ्यांनी तर जास्तच बघावं. तिथल्या व्हिजिटर प्लॅनमध्ये जुना आजार अचानक उफाळला तर कव्हर असं लिहिलेलं असतं, पण अनेक प्लॅन त्यातून कॅन्सर वगळतात आणि वयाचीही अट घालतात. आणि तुम्ही स्वतः ब्रिटनमध्ये राहत असाल तर मनीहेल्पर या तिथल्या सरकारी पाठबळाच्या पैशांविषयीच्या सल्ला सेवेच्या यादीत मोठे आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्या आहेत, तिथून सुरुवात करा.

जे कव्हर होत नाही त्याची सोय वेगळी करावी लागते, त्याला इलाज नाही. आम्ही घरात बसून ठरवलं की कॅन्सरचंच काही निघालं तर तिथे फक्त तब्येत स्थिर करायची आणि परत यायचं, त्यासाठी पैसे बाजूला काढले आणि तारीख बदलता येईल असं तिकीट घेतलं. हे आईसमोरच बोललो. तिला बरं वाटलं, म्हणाली, निदान माहीत तर आहे.

निघताना औषधं हँडबॅगेत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक नाव. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं असतील तर त्या देशाची परवानगी लागते का ते आधी बघा. ताईने जर्मनमध्ये एक कार्ड लिहून दिलं होतं, ब्रुस्टक्रेब्स (ब्रेस्ट कॅन्सर), ऑपरेशनचं वर्ष, ऑपरेशनच्या बाजूचा हात कुठला, गोळीचं नाव, खाली पॉलिसी नंबर आणि असिस्टन्सचा, म्हणजे विमा कंपनीच्या मदत केंद्राचा, नंबर. आईच्या पर्समध्ये ते पासपोर्टच्या पुढेच असायचं. इमर्जन्सीला युरोपात ११२, आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी किंवा लगेच नंतर असिस्टन्सला फोन करायचाच, नाहीतर कॅशलेसला अडचण येते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडेच तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं, पुणे आणि मुंबई दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. तिथे डॉक्टरांचं पत्र, फॉर्मची कॉपी आणि कंपनीचा तो ईमेल, हे तीन कागद सोबत न्या.