ट्रायल्स बाईक घेताय? आधी मागचं चाक हलवून बघा
इंदूरहून चोरलकडे काळ्या दगडांवर ट्रायल्स, म्हणजे पाय न टेकवता बाईकवरून दगड-अडथळे पार करायचा खेळ, शिकायला जाणार असाल तर सेकंडहँड बाईकची चमक बघू नका, स्टँडवर लावून मागचं चाक वर-खाली हलवा, लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या जोडदांड्यांच्या) बेअरिंगमधून खटखट आली की सरळ भाव पाडा. आणि हवा! मागे 4-5 पीएसआय, पुढे 6-7, बस्स. आपल्या पंक्चरवाल्या भैयाचा गेज एवढं कमी नीट दाखवतच नाही, माझ्या टायरात त्याने 30 भरले अन् मी पहिल्याच दगडावरून चेंडूसारखा उडालो, म्हणून 15 पर्यंतचा लो-प्रेशर गेज जवळ ठेवा. माळव्याच्या धुळीत फोमचा एअर फिल्टर प्रत्येक राइडनंतर धुवायचा, पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल चोळायचं, पेट्रोलने मात्र धुऊ नका, फोमचे चिकटवलेले जोड सुटतात.