केसतूड, काळपुळी आणि पसरणारी सूज: काय करावे?

सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम आणि भेगाळलेल्या टाचा यांमुळे केसतूड किंवा गळू होणे नवलाचे नाही. पण त्यातील स्टॅफिलोकॉकस वा स्ट्रेप्टोकॉकस जंतू त्वचेखाली पसरू लागले, तर दुखणे काही तासांतच गंभीर होऊ शकते.

सूज दिसताच तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून पालथ्या हाताने ऊब आणि ताण चाचपून ही सीमा ठरवावी. सूज रेघेबाहेर सरकली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. वेदना दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच जास्त असेल, कातडी काळी-जांभळी किंवा बधिर पडली असेल, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, कारण अशा वेळी सडलेला भाग कापून काढणे हाच मुख्य उपचार असतो.

पू धरला असेल तर तो दाबून काढू नये. डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करवून घ्यावा आणि दुखणे वारंवार होत असेल, तर पुवाची कल्चर तपासणी (पुवातला जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) करण्याविषयी विचारावे. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्यांनी साचलेला पू जात नाही.

उपचारांत बदल झाले आहेत. साध्या सेल्युलायटिसला, म्हणजे त्वचेखाली पसरणाऱ्या जंतुसंसर्गाच्या सुजेला, उतार पडत असेल, तर पाच दिवसांचे प्रतिजैविक बहुधा पुरते. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या डाल्बाव्हान्सिन या प्रतिजैविकाची एकच मात्रा शिरेतून देता येते, तर मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरही चालणाऱ्या लेव्होनाडिफ्लॉक्सासिनला भारतात २०२० मध्ये मान्यता मिळाली. अर्थात, ही औषधे पहिल्याच केसतुडासाठी नव्हेत.

प्रतिबंधाची सुरुवात टॉवेलपासून करावी. जगाला टॉवेल पुरवणाऱ्या शहरात घरभर एकच टॉवेल फिरावा, हे काही पटत नाही! अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेथिसिलिनला न जुमानणारे हे स्टॅफिलोकॉकस जंतू अंगावर वागवणाऱ्या आणि रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांना क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ व गुळण्या आणि नाकात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम असा उपाय महिन्यातून दोनदा, पाच-पाच दिवस, सहा महिने दिला, तेव्हा त्या जंतूंच्या संसर्गाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मात्र हा प्रयोग करू नये.

मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळपाय तपासावेत. वाकता येत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवून त्यात पाहावे.