मगरीचा स्वस्तातला पिक्चर कसा होता, हे नीट कसं सांगायचं

माझा भाचा पुण्यात नोकरीला असतो. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन ठरलेला. "मामा, मगरीचा एक पिक्चर दिसायलाय, बघू का?" मागच्या महिन्यात मी म्हणालो, "टुकार आहे, नको बघू." पठ्ठ्यानं तरी बघितला आणि सकाळी मलाच झापलं, "लई मजा आली की! टुकार कामून म्हणालात?" चूक माझीच. टुकार म्हणजे मत नव्हे, ती नुसती शिवी. तिच्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

मला तर हे कळायला पाहिजे होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गोदावरीकाठच्या गंगाखेडात माझा व्हिडिओचा धंदा होता. कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, रात्रीचे दीडशे रुपये. गणपतीत गावोगावच्या मंडळांकडून बोलावणं यायचं. बैलगाडीत गादी अंथरून त्यावर टीव्ही ठेवायचा, व्हीसीआरचा हेड खराब झाला की नव्या कोऱ्या नोटेनं पुसायचा. एका रात्रीत दोनशे माणसांची मतं कानावर पडायची, तीही तोंडावर. तिथं जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे पिक्चर कुठं आणि कुणाबरोबर बघितला हे आधी सांगा. एकट्यानं मोबाइलवर बघितलेली मगर आणि मारुतीच्या पारासमोर पोराबाळांत बसून बघितलेली मगर एक नसते. स्वस्त पिक्चरमधली निम्मी मजा बाजूचा माणूस देत असतो. एकटे बघून कंटाळला असाल तर तसं कबूल करा, सगळं खापर मगरीवर फोडू नका.

दुसरी गोष्ट, घड्याळ. मगर पहिल्यांदा पूर्ण कितव्या मिनिटाला दिसली ते लिहून ठेवा. मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो. या एका आकड्यात पिक्चरची अर्धी कुंडली असते. पैसे कमी असले की मगर कमी दाखवावी लागते, आणि कमी दाखवणं हा दोषच असतो असं नाही. १९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गनं त्याला बराच वेळ पाण्याखालीच ठेवला आणि लोक नुसत्या पाण्याला भ्यायले. २००७ साली ऑस्ट्रेलियात 'ब्लॅक वॉटर' नावाचा असाच थोडक्या पैशातला पिक्चर झाला. होडी उलटलेली माणसं खारफुटीच्या झाडावर अडकून बसलेली, खाली गढूळ पाणी. रबरी मगरीऐवजी त्यांनी खऱ्या मगरींचं चित्रण करून ते दृश्यांत बसवलं. मगर मोजकीच दिसते, पण झाडावरून खाली पाय सोडायची आपली छाती होत नाही. तेव्हा मगर उशिरा आली एवढंच सांगून थांबू नका. ती येईपर्यंत तुम्ही पाण्याकडं बघत होता का मोबाइलकडं, ते सांगा.

आता खुद्द मगर. इथं जरा थांबतो, कारण इथंच लोक सगळ्यात आळशी मत देतात, "मगर खोटी वाटते." अहो, खोटीच आहे ती! कुठं खोटी वाटते ते सांगा.

१९८८ मध्ये राकेश रोशनचा 'खून भरी माँग' आला. त्यात रेखाला नवरा मगरीच्या तोंडी देतो. गावोगावच्या बायांनी तो पिक्चर पुन्हापुन्हा लावायला लावला आणि मग "मगरीचा अजून एखादा आणा" अशी मागणी सुरू झाली. मी कुठून तरी 'किलर क्रोकोडाईल'ची कॅसेट पैदा केली. १९८९ चा इटालियन पिक्चर, चित्रण डॉमिनिकन रिपब्लिकमधलं. पाण्यात टाकलेल्या विषारी रसायनाच्या पिंपांमुळं मगर अवाढव्य होते अशी गोष्ट. गोदाकाठच्या एका गावात लावला. पुढच्या रांगेत एक म्हातारे भोई बसले होते, उभा जन्म नदीत जाळं टाकलेले. मगर पाण्यावरून सरसर येऊ लागली, पोरं किंचाळायली, बाया पदर तोंडाशी घेऊन बसल्या. म्हातारा मात्र विडी विझवून पुढं वाकला. म्हणाला, "आरं, पाण्यातलं जनावर शेपटीनं चालतंय. हिची शेपटी काठीवानी ताठ हाय. हिला कुनीतरी वढायलंय."

एवढं नेमकं मत मी आजवर कुणाचं ऐकलं नाही, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. मगर पोहताना पाय अंगाशी घेते, सगळा जोर शेपटीच्या डावी-उजवीकडच्या हेलकाव्यात असतो. म्हणून मगर बघताना तोंड सोडा, शेपटी बघा. मग डोळे आणि नाकपुड्या. ते डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळं बाकी सगळं अंग बुडवून ती पडून राहू शकते. पिक्चरमधली मगर अर्धी छाती पाण्याबाहेर काढून येत असेल तर आत माणूस आहे किंवा लाकडाचा साचा. तिसरं, चावणं. मगरीला घास चघळता येत नाही. दात धरायला असतात, लचका तोडायला ती अंगासकट गिरकी घेते. चौथं, आवाज. मगर फुसकारते, हुंकारते, पण हिंदीत डब करणारे तिला सिंहाची डरकाळी देतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, लोकांना आवडते ती.

भुकेचा हिशेबही बघा. मगर थंड रक्ताची, एकदा पोट भरलं की बरेच दिवस तिचं भागतं. एका रात्रीत सात माणसं खाणारी मगर म्हणजे पंगतीला बसलेला जावई झाला. पण हे सांगताना मास्तरकी करू नका. आपल्याकडच्या मगरी बघायच्या तर सांगलीला कृष्णाकाठी जावं लागतं, आणि पिक्चर बघणारा काही वनखात्याच्या परीक्षेला बसलेला नसतो. चूक सांगायची ती पिक्चरचा रंग जिथं बिघडला तेवढीच.

माणसांबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते, "मगर आहे माहीत असून हे बावळट पाण्यात जातातच कशाला?" ही तक्रार करण्याआधी स्वतःकडं बघा. पैठणहून जायकवाडी धरणाचं पाणी सोडलं की आमच्याकडं भोंग्यावरून पुकारतात, नदीकाठी जाऊ नका. पुकारून गाडी वळत नाही तोच अर्धं गाव पुलावर! २००६ च्या पुरात मीही गेलो होतो, खांद्यावर पोरगं घेऊन. त्यामुळं पिक्चरमधलं माणूस मूर्खपणा करतं म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला पाण्यात जायला कारण दिलंय का, ते बघायचं. मोटारबोट बंद पडली, पोरगं पलीकडं राहिलं, पैशाची बॅग बुडाली, कसलंही चालेल. काहीच कारण नसताना फक्त पोहायचे कपडे दाखवायला पाठवलं असेल तर तसं लिहा, वाचणाऱ्याला बरोबर समजतं.

कथा किती सांगायची? मगर कशी मोठी झाली ते सांगा, कोण वाचतं ते सांगू नका. माझ्या धंद्यात एक पोरगं शेजारच्या गावात पिक्चर बघून यायचं आणि आमच्या गावात "आता हा मरतोय बघा" म्हणून ओरडायचं. मी त्याला जनरेटरजवळ बसवायला लागलो. तिथं त्याचं त्यालाच ऐकू यायचं नाही.

आणि एक जपा. कमी पैशात केलंय म्हणून कौतुक करायचा मोह होतो. ते "सुसरबाई तुझी पाठ मऊ" झालं. तुमच्या ओळखीच्या पोरांनी नदीवर मोबाइलनं पिक्चर काढला असेल तरीही नको. पैसे कमी होते हे एका वाक्यात सांगा आणि पुढं त्या पैशात काय साधलं, काय नाही, ते बोला. उलट बाजूनं, शंभर कोटींच्या पिक्चरशी तुलनाही करू नका. घरच्या पिठल्याला हॉटेलच्या पनीरचं माप लावण्यासारखं आहे ते.

चांदण्या, गुण, दहापैकी किती, ह्या भानगडीत मी पडत नाही. भाच्याला पाचपैकी दोन सांगितले तर तो विचारतो, दोन कशाचे?

परवा रात्री असाच एक बघितला, बायकोबरोबर, जेवण झाल्यावर. संपल्यावर मी वही उघडली, तर ती म्हणाली, "त्या बाईचे केस बघितलेत का? नदीतून दोनदा वर आली, दोन्ही वेळा कोरडे." माझं लक्षच नव्हतं, मी शेपटी बघत बसलो होतो. तेही लिहिलं. मग भाच्याला पाठवलं ते असं:

"दोघांनी टीव्हीवर बघितला. पहिला अर्धा तास गप्पाच आहेत, तेवढ्यात भांडी घासून होतात. मगर रबरी आहे, पण रात्रीच्या पाण्यात चांगली लपवलीय. उजेडात आली की शेपटी हलत नाही. हीरो पाण्यात का उतरतो ते पटतं, हीरोइन का उतरते ते नाही. तिचे केस भिजत नाहीत. पुलाखालचा एक सीन असा आहे की तुझी मामी पाय वर घेऊन बसली. चार मित्र जमले तर लाव, एकटा असशील तर झोप."

पाच मिनिटांत उलट निरोप आला. "चौघं आहोत. मगर कितव्या मिनिटाला?"

वही बघितली. एक्केचाळीस.