स्वालबार्डला मॅरेथॉन धावायची आहे? मग तयारी अशी करा

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून उत्तर ध्रुवाकडे निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर स्वालबार्डची बेटं लागतात. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, ७८ अक्षांशावर. ध्रुव तिथून जेमतेम १३०० किलोमीटर. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, झाड औषधालाही नाही. या गावात दरवर्षी जूनच्या सुरुवातीला स्पिट्सबर्गन मॅरेथॉन होते; स्पिट्सबर्गन हे इथल्या मुख्य बेटाचं नाव. तेव्हा चोवीस तास ऊन असतं आणि रस्त्याच्या कडेला बंदूकधारी पहारेकरी उभे असतात, कारण आसपास ध्रुवीय अस्वलं आहेत.

आधी स्पष्ट सांगतो: आयुष्यातली पहिली मॅरेथॉन इथे धावू नका. एखादी मुंबई मॅरेथॉन पूर्ण करा, मग याचा विचार करा. पूर्ण अंतराची धास्ती वाटत असेल तर अर्धी धावा, त्यात काही कमीपणा नाही. वेळेचा विक्रम करायचाच असेल तर त्यासाठी दुसऱ्या सोप्या शर्यती आहेत.

कागदपत्रं (फेब्रुवारीच्या आत)

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. पण तिथलं विमान ओस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतं आणि ही दोन्ही शहरं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे बेटाकडे निघालात की तुम्ही शेंगेन सोडलं आणि परत ओस्लोला उतरलात की पुन्हा प्रवेश केला. म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. अर्जात तसं नमूद करा, सोबतच्या पत्रात बेटावरचा मुक्काम तारखांसह लिहा आणि व्हिसा हातात आला की प्रवेशांचा रकाना तिथल्या तिथे वाचा. एका प्रवेशाचा व्हिसा निघाला तर परतीच्या वाटेवर पंचाईत होईल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींची गर्दी असते, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. हॉटेलं मोजकीच आहेत, त्यामुळे शर्यतीची नावनोंदणी आणि खोलीचं आरक्षण एकाच बैठकीत उरका. फक्त खोली रद्द करता येण्याजोगी घ्या.

विम्याचा कागद नीट वाचा. ‘शेंगेन’ लिहिलेली पॉलिसी स्वालबार्डला लागू होईलच असं नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या. गावातलं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला न्यावं लागतं. तो खर्च पॉलिसीत धरला आहे की नाही, हेही विचारा.

सराव

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावला असाल तर दोन-तीन आठवडे पायांना आराम द्या आणि फेब्रुवारीपासून नवी आखणी सुरू करा. गोम अशी, की ३०-३२ किलोमीटरची सगळ्यात मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे ऐन मे महिन्यात येते. मुंबईत पहाटे पाचलाही अंगातून घामाच्या धारा लागतात. तेव्हा घड्याळाकडे बघू नका, दमावर धावा. किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्त लागला तरी चालेल. जमलं तर ही एक धाव महाबळेश्वर-पाचगणीला करा, हवाही बरी आणि चढही मिळतो. लाँगइयरब्येनचा रस्ता समुद्राकाठून दरीत वर चढतो आणि काही भाग खडीचा आहे. रोजचे रोड शूज चालतात, फक्त तळ गुळगुळीत झालेला नसावा.

थंडीचा सराव इथे करता येणार नाही, पण कपड्यांचा करता येतो. पुण्यात मे महिन्यात थर्मल घालून बाहेर पडलात तर शेजारी डॉक्टरांचा नंबर देतील. त्यापेक्षा एसी जिममध्ये ट्रेडमिलवर अर्धा तास धावा. शिवण कुठे घासते ते तेवढ्यात कळतं. हातमोजे घालून जेलचं (धावताना ताकदीसाठी घ्यायच्या गोड लगद्याचं) पाकीट फोडायचीही सवय करा. बोटं गारठली की ते फाटत नाही, मग दातांनी ओढताना अर्धं जेल मोज्यावर सांडतं.

बॅग भरताना

जूनच्या सुरुवातीला तापमान शून्याच्या आसपास, फार तर पाच अंश. त्यात समुद्रावरून वारा. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पातळ विंडचीटर, टोपी, गळपट्टा, हातमोजे. सुती काहीही नको, ओलं झालं की अंग गार पडतं. बर्फावरून डोळ्यांवर येणाऱ्या तिरिपीसाठी गॉगल, झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी. बूट आणि शर्यतीचे कपडे केबिन बॅगेत, कारण चेक-इनची बॅग मागे राहिली तर ऐनवेळी तुमच्या मापाचं सगळं तिथे मिळेलच असं नाही.

खाऊ नेताना जपून. युरोपबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे आणि तुपातले लाडू घरीच ठेवा. शेंगदाणा चिक्की, खजूर, भाजके पोहे आणि तेलातल्या दशम्या खुशाल न्या.

बेटावर पोचल्यावर

धुक्यामुळे विमानं रद्द होतात, म्हणून किमान दोन दिवस आधी पोचा. घड्याळाचा फरक साडेतीन तासांचाच, त्रास होतो तो न मावळणाऱ्या सूर्याचा. रात्री अकराला फिरायला जावंसं वाटतं. पडदे ओढा आणि झोपा.

आदल्या दिवशी पाय मोकळे करायला गावातच धावा. आडव्हेंटदालेन दरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे, तिच्या पुढे बंदूकधारी सोबतीशिवाय जायचं नाही. तिथेच स्लेजच्या कुत्र्यांचे कुंपण घातलेले अड्डे आहेत आणि कुंपणाला खेटून आयडर बदकं बिनधास्त अंडी उबवत बसलेली असतात. कुत्री भुंकतात म्हणून कोल्हा फिरकत नाही, एवढं त्यांना समजलेलं आहे.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला कुडकुडायला झालं तर ते योग्यच. तीन किलोमीटरनंतर बरं वाटेल इतकेच कपडे हवेत. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी घेत राहा. उन्हाळ्यात सराव केलेल्या पायांना पहिले दहा किलोमीटर फारच हलके वाटतात. तिथे वेग वाढवलात तर त्याची किंमत तिसाव्या किलोमीटरनंतर मोजावी लागेल.

शर्यत संपताक्षणी ओले कपडे बदला, फोटो नंतर. हॉटेलच्या दारात बूट काढावे लागतात. कोळसा खाणींच्या काळापासूनची ही रीत आहे, तेव्हा जाड मोजे हाताशी असू द्या. परतीचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका. आणि ओस्लोला उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग असते, पुढच्या विमानासाठी मध्ये चांगले तीन तास ठेवा.