झाकण पिळायचं की फिरवायचं?

स्पॅनिशची बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा दिली आणि भाषांतराचं पहिलं काम हाती आलं, ते एका बाटलीच्या लेबलचं. मूळ इंग्रजीत झाकण ‘ट्विस्ट’ करा असं होतं. शब्दकोशात पहिलाच अर्थ दिसला ‘तोर्सेर’, तो ठोकून दिला. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: झाकण उघडायचंय की वाकडं करायचंय?

तोर्सेर म्हणजे पिळणं, मुरगळणं, वाकवणं. झाकण फिरवायचं असेल तर ‘हिरार’. आट्यांचं झाकण काढायचं तर ‘देसेन्रोस्कार’; त्यातला ‘रोस्का’ म्हणजे आटेच.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी एकच सांगते, इंग्रजी शब्दावरून थेट स्पॅनिशवर उडी मारू नका. आधी तो मराठीत आणा. आपल्याकडे पिळणं, पिरगळणं, मुरगळणं, वळवळणं, तळमळणं अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत, त्यामुळे नेमकं काय होतंय ते लगेच कळतं. कपडे पिळून पाणी काढायचं, तर ‘एस्कुर्रिर’. वेदनेनं तळमळणं म्हणजे ‘रेतोर्सेर्से दे दोलोर’. नदी नागमोडी जाते त्याला ‘सेर्पेन्तेआर’ म्हणतात, आणि ‘सेर्पिएन्ते’ म्हणजे साप! हे कळलं त्या दिवशी मी उगाचच खूश होते. सिनेमाच्या कथेतला ट्विस्ट मात्र ‘हिरो’. आपल्या हिरोशी त्याचा काही संबंध नाही.

पाय मुरगळला हे वाक्य पाठच करा: ‘मे तोर्सी एल तोबियो’. तोबियो म्हणजे घोटा. ‘माझा’ घोटा म्हणायची गरज नाही, ते ‘मे’मध्ये आलं. परीक्षेत मी ‘मी तोबियो’ लिहून आले होते.

‘तोर्सेर’ची रूपं चालवताना जोर धातूवर आला की ‘ओ’चा ‘उए’ होतो: मी पिळते ‘तुएर्सो’, पण आम्ही पिळतो ‘तोर्सेमोस’. स्पेनच्या बहुतेक भागांत यातला ‘र’नंतरचा ‘स’ ‘थ’च्या जवळ जातो.

आपण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतो, तसं हट्टी माणसाबद्दल स्पॅनिशमध्ये ‘नो दार सु ब्रासो आ तोर्सेर’ म्हणतात, म्हणजे आपला हात पिरगळू न देणं. त्या झाकणावरून मी बाईंशी तीन ईमेल वाद घातला होता. हा वाक्प्रचार त्यांनीच चौथ्या ईमेलमध्ये शिकवला.