हिवाळ्याची गाणी कशी निवडावीत, आणि मुळात हिवाळा आलाय का हे कसं ठरवावं

प्लेलिस्ट कशी बनवायची, गाणी डाउनलोड कशी करायची हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतं. मी आमच्या घरच्या ग्रुपसाठी गेली बरीच वर्षं थंडीची यादी करतो, पुण्यात राहतो, आत्या नागपूरला आणि मावसभाऊ ठाण्यात, म्हणजे तीन हवामानं आणि तीन भांडणं. यात जे शिकलो ते लिहितोय, कारण नेटवर या विषयावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशातल्या माणसांनी लिहिलेत आणि आपल्याकडच्यांनी तसेच उचललेत.

आधी तारीख ठरवा

गाणी नंतर. तारीख चुकली की चांगली गाणीसुद्धा हास्यास्पद वाटतात. एका वर्षी मी त्रिपुरी पौर्णिमेचा मुहूर्त धरून यादी टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ढग भरून आले ते पाच दिवस हललेच नाहीत. पंखा चारवर, अंगाला घाम, आणि स्पीकरवर भूपिंदर सिंग सांगतायत की जाडों की नर्म धूप. भावाचा मेसेज आला, "दादा, इकडे एसी चालू आहे." त्यावर आत्याने मटार सोलतानाचा शाल पांघरलेला फोटो टाकला. दोघांचंही बरोबर होतं हाच तर त्रास आहे.

कुणाला विचारायला जाल तर प्रत्येकाची तारीख वेगळी. शाळेच्या पुस्तकात ऑक्टोबर ते जानेवारी, पण ज्याने पुण्यात ऑक्टोबर काढलाय त्याला विचारा तो हिवाळा असतो का. पंचांगात हेमंत म्हणजे मार्गशीर्ष आणि पौष, शिशिर म्हणजे माघ आणि फाल्गुन. हवामान खात्याच्या हिशोबात हिवाळा फक्त जानेवारी-फेब्रुवारी, ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांच्याकडे मान्सूनोत्तर काळ. आणि सरकार स्वतः हिवाळी अधिवेशन घेतं डिसेंबरात नागपूरला. म्हणजे एका सरकारी खात्याप्रमाणे हिवाळा लागायच्या आधीच अधिवेशन उरकून मंडळी मुंबईला परत. आमची आत्या यातलं काहीच मानत नाही, तिचा हिवाळा काकड आरतीच्या भोंग्याने सुरू होतो, कोजागरी झाली की. ऐकायला छान आहे पण माझ्याकडे त्या दिवसांत अजून माठाचं पाणी चालू असतं.

मी सगळं करून बघितलं. दिवाळीची पहिली आंघोळ धरून बघितली, चंपाषष्ठी धरून बघितली (भरीत-रोडगा ती थंडी बरोबर आणतो अशी माझी समजूत होती), फोनमधलं तापमान धरून बघितलं. फोनवर तर अजिबात जाऊ नका, तो जो आकडा दाखवतो तो तुमच्या खोलीतला नसतोच.

शेवटी सापडली ती खूण बाथरूमच्या खिडकीत होती. खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या खाली गेलं की हळूहळू थिजायला लागतं. आधी तळाशी पांढरे कण दिसतात, मग कडेने साय धरल्यासारखं, मग एका सकाळी बाटली उलटी करून दाबली तरी काही येत नाही आणि तुम्ही ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करता. माझा नियम असा: सलग तीन सकाळी बाटली उलटी केल्यावर तेल जागचं हललं नाही, तर तिसऱ्या दिवशी यादी सुरू. एक दिवस थिजलं तर धरायचं नाही, दोन दिवस थिजलं तरी धरायचं नाही, इथे मी दोनदा फसलोय. आणि तेल शुद्ध खोबरेल हवं, सुगंधी मिसळणीचं ते चिकट न होणारं तेल जानेवारीतसुद्धा पाणीच राहतं.

तीन दिवस का, तर आपल्याकडची थंडी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यावर आणि निरभ्र आकाशावर चालते. आकाश मोकळं असलं की रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते. बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार झालं की ढग येतात, ते गोधडीसारखे पसरून ऊब धरून ठेवतात आणि आलेली थंडी परत जाते. सलग तीन पहाटा टिकली तर बऱ्यापैकी भरवसा धरता येतो.

भावासाठी नियम सैल केलाय, ठाण्यात तेल नुसतं गढूळ झालं तरी चालेल. ज्याची त्याची बाटली. एकाच ग्रुपवर तीन तारखा चालतात, त्यावरून भांडू नका. म्हणजे भांडा, पण यादी अडवून ठेवू नका.

शब्दावर जाऊन गाणं घेऊ नका

आता खरी गोची. सगळे काय करतात, 'थंडी', 'गारवा', 'ठंडी हवा' असं शोधतात आणि येईल ते टाकतात. मीही केलं. एकदा हुरडा पार्टीत, शेकोटी पेटलेली, ज्वारीची कणसं भाजतायत, राख तळहातावर चोळून दाणे काढणं चालू, आणि मी मोठ्या थाटात मिलिंद इंगळेंचा 'गारवा' लावला. एक म्हातारे काका दाणे फुंकता फुंकता म्हणाले, "अरे हे पावसाचं आहे की." बरोबर होतं त्यांचं. त्याची सुरुवातच ऊन जास्त असल्याच्या तक्रारीने होते आणि मग पाऊस येतो. नाव गारवा, ऋतू वळवाचा. इतक्या वर्षांत मी नीट ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून मी सगळी यादी कान देऊन तपासली आणि निम्मी गळाली. गीता दत्तचं 'ठंडी हवा काली घटा' घ्या, काळे ढग कुठल्या हिवाळ्यात येतात? आपल्या गाण्यांमध्ये गार हे बहुतेक वेळा पावसाचं असतं, उन्हाने भाजलेल्या माणसाला मिळालेला दिलासा असतो तो, हुडहुडी नसते. दुसरा सापळा चांदण्याचा. चांदणं म्हटलं की लोकांना थंडी आठवते म्हणून 'तोच चंद्रमा नभात' प्रत्येक तयार यादीत असतं. पहिल्या ओळीतच शांताबाईंनी चैत्रयामिनी लिहिलंय हो! चैत्र, म्हणजे आंबे. हे गाणं हिवाळ्यात लावणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही. बर्फातली गाणीही नकोत, आपल्याकडे फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे दवाचं हिम होतं तेवढंच.

मग खरी थंडीची गाणी किती उरतात? मला मोजकीच सापडली. 'दिल ढूंढता है' आहे, १९७५ च्या 'मौसम'मधलं, पण त्यातही एक अंतरा उन्हाळ्याच्या रात्रीचा आहे, तो गाण्याच्या मधोमध येतो म्हणून मी सोडून देतो. गुलजारांचंच 'ओंकारा'मधलं 'बीडी' घ्या, लोक त्यावर नुसते नाचतात, पण ते चक्क पांघरूण नसलेल्या माणसाचं गाणं आहे, शेजारच्याच्या चुलीतून विस्तव आणायला सांगतंय. शेकोटीला याच्याइतकं चपखल दुसरं नाही. आणि 'राजा बाबू'मधलं ते खाटेचं गाणं, त्यात जाडा शब्द आहे आणि अर्थही जाड्याचाच आहे, पण आत्यासमोर लावू नका.

एवढ्यावर दोन तास निघत नाहीत. इथे मी दोन वर्षं अडकलो होतो. सुटलं कसं, तर एकदा लक्षात आलं की पुण्यात ऐन जानेवारीत पहाटे १०-१२ अंश असतात आणि दुपारी २८-३०, दुपारी माणूस स्वेटर कमरेला बांधून फिरतो. मग दुपारसाठी थंडीची गाणी शोधायचीच कशाला? थंडी पहाटे असते आणि रात्री असते, तर पहाटेची आणि रात्रीची गाणी घ्या. त्यात थंडीचा शब्द नसला तरी बिघडत नाही.

असं धरलं की मराठीत एकदम खजिना उघडतो, कारण पहाटेची गाणी आपल्याकडे वारेमाप आहेत. 'घनश्याम सुंदरा' ही होनाजीची भूपाळी, 'अमर भूपाळी'मधली, १९५१ ची. कुमार गंधर्वांचं 'ऊठि ऊठि गोपाला'. 'सखी मंद झाल्या तारका'. सुरेश भटांचं 'केव्हातरी पहाटे'. चहाचा कप दोन्ही हातांत धरून खिडकीत उभं राहा, बाहेर रस्ता झाडणाऱ्या बाई मफलर बांधून आल्यात, आणि यातलं कुठलंही लावा, हिवाळा आपोआप येतो. जूनमध्ये हीच गाणी ऐकली तर तसं होत नाही, का ते मला विचारू नका.

रात्रीसाठी रागांकडे जा, घाबरू नका. जुन्या रागमाला परंपरेत मालकंस हा राग शिशिराला आणि श्री हा राग हेमंताला दिलेला आहे, तसाही मालकंस उत्तररात्रीचा. दरबारी तर गोधडीत शिरूनच ऐकायचा राग आहे. पुण्यात १९५३ पासून डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव होतो, पूर्वी तो रात्र रात्र चालायचा, शाली-स्वेटर घालून लोक सतरंजीवर बसायचे, आणि माझ्या डोक्यात थंडी आणि तंबोरा हे जे एकत्र झालंय ते तिथूनच. आता लाउडस्पीकरच्या वेळेमुळे बरंचसं रात्री दहाला आवरतं. घरी मात्र तुम्हाला कोण अडवतंय, फक्त शेजाऱ्यांचा विचार करा.

क्रम

पहाटेला सात-आठ गाणी, चाळीस मिनिटं, बास. शेकोटीला दीड तास, आधी गलका आणि मग उतरतं. दुपारी काहीही लावा.

हुरडा पार्टीला नेणार असाल तर

शेतावर नेटवर्क नसतं, गाणी आधी फोनमध्ये घ्या. वारा शेकोटीवरून जिकडे जातो त्या बाजूला स्पीकर ठेवू नका, ठिणग्या उडतात, माझ्या एका स्पीकरच्या जाळीला अजून भोक आहे.

बंद कधी करायची

संक्रांतीला नाही. तिळगूळ वाटला म्हणजे थंडी संपली असं धरणाऱ्यांना जानेवारीच्या शेवटी दुसरी थंडी गाठते. बाटलीच बघा. फेब्रुवारीत कधीतरी एक दिवस उठाल, सवयीने बाटली गरम पाण्यात ठेवायला जाल आणि तेल हातावर भसकन सांडेल. त्या दिवशी यादी काढून टाका. पाडवा झाला की 'तोच चंद्रमा' लावा, तेव्हा माझी काही हरकत नाही.