चिंच-गुळाच्या रश्शातले खिम्याचे गोळे

खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा बहुतेक घरांत तिखट केला जातो. चिंच-गुळाची जोडी आपण आमटीसाठी किंवा अळूच्या फदफद्यासाठी राखून ठेवतो आणि मटणाच्या वाटेला ती क्वचितच येते. वास्तविक, लहान मुले आणि वडीलधारी मंडळी एकाच पंगतीला बसणार असतील, तर या आंबट-गोड रश्शासारखा दुसरा सोयीचा पदार्थ नाही. पुढील प्रमाण पाच-सहा माणसांना पुरते आणि त्यात साधारण तीस गोळे होतात.

मटणाचा पाऊण किलो खिमा घ्यावा. खाटकाला तो मशीनमधून दोनदा काढून द्यायला सांगावे आणि त्यातच शंभर ग्रॅमभर चरबी घालून घ्यावी. आपल्याकडचे बोकडाचे मटण मुळात कमी चरबीचे असल्यामुळे निव्वळ तांबड्या खिम्याचे गोळे शिजल्यावर कोरडे आणि चिवट होतात. घरी आणल्यावर खिमा धुवायचाच असेल, तर तो बारीक चाळणीत धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा आणि नंतर मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळावा. हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण पहिल्या खेपेस मी धुतलेला खिमा तसाच ओला मळला होता. गोळे तव्यावर कसेबसे टिकले, रश्शात मात्र एकेक करून विरघळले, आणि पाहुण्यांना गोळ्यांऐवजी खिम्याचा रस्सा वाढावा लागला. गोळे फुटण्याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच असते: पाणी. अंडी वाढवून किंवा बेसन ओतून ते झाकता येत नाही. बेसनाने गोळा टिकतो खरा, पण त्याची चव भज्यासारखी लागते.

खिम्यात आधी फक्त दोन सपाट चहाचे चमचे मीठ घालून तीन-चार मिनिटे तळहाताच्या टाचेने मळावे. मिठाने मांसातील प्रथिने सुटतात आणि सुरुवातीला सुटासुटा वाटणारा खिमा हळूहळू चिकट होऊन परातीला धरू लागतो. बोटांना चिकटून त्याचे तंतू ओढले जाऊ लागले, की थांबावे. त्यापुढे मळल्यास गोळे रबरासारखे होतात. त्यानंतर पाण्यात भिजवून पिळलेला एक शिळा पाव, बारीक चिरून मीठ लावून पिळलेला एक कांदा, एक अंडे, आले-लसणाचा एक मोठा चमचा ठेचा, अर्धा चमचा मिरपूड आणि मूठभर कोथिंबीर घालून हलक्या हाताने एकत्र करावे. पाव भरीसाठी नसतो. शिजताना मांसातून सुटणारा रस तो धरून ठेवतो, म्हणूनच गोळा आतून मऊ राहतो. मिश्रण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. कच्चा खिमा चाखू नये. त्यातले सुपारीएवढे मिश्रण तव्यावर परतून खाऊन पाहावे आणि त्यावरून मीठ ठरवावे.

या अर्ध्या तासात रश्शाची तयारी होते. चाळीस ग्रॅम चिंच, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा गोळा, एक वाटी गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून, कुस्करून, गाळून दाट कोळ काढावा. जुन्या काळपट चिंचेने रश्शाला गडद रंग येतो, नव्या चिंचेने तो तांबूस राहतो; दोन्ही चालतात. साठ ग्रॅम गूळ चिरून ठेवावा. कोल्हापुरी गूळ मिळाल्यास उत्तम, मात्र फार पांढुरका, चकचकीत गूळ टाळून पिवळसर तपकिरी गूळ निवडावा. दोन उभे चिरलेले कांदे तेलावर तांबूस परतावेत, अर्धी वाटी सुके खोबरे वेगळे भाजावे आणि एक चमचा धणे, तीन लवंगा, चार मिरी व बोटभर दालचिनी यांसह बारीक वाटावे. टोमॅटो घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चिंच असताना त्याची गरज नसते आणि दोन आंबट चवी एकत्र आल्या की गुळाचे प्रमाण कधीच जुळत नाही.

भांडे स्टीलचे किंवा कल्हईचे घ्यावे. बिनकल्हईच्या पितळेत चिंचेचा रस्सा कळकतो, आणि ॲल्युमिनियमच्या कढईतही आंबट पदार्थ फार वेळ उकळू नये.

हात पाण्याने ओला करून लहान लिंबाएवढे, तीस-तीस ग्रॅमचे गोळे वळावेत. भेग राहिली तर गोळा तिथेच उकलतो, म्हणून दोन्ही तळव्यांत फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करावा. पसरट तव्यात थोडे तेल चांगले तापवून एका वेळी आठ-दहा गोळे सोडावेत आणि खालची बाजू तपकिरी होऊन आपणहून सुटेपर्यंत त्यांना हलवू नये. ते आतून कच्चे राहिले तरी हरकत नाही. उरलेले शिजणे रश्शात होते.

त्याच तेलात वाटण, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड घालून कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. तीन वाट्या गरम पाणी, बेताचे मीठ, तीन चतुर्थांश कोळ आणि पन्नास ग्रॅम गूळ घालून रस्सा सात-आठ मिनिटे उकळावा, म्हणजे चिंचेचा कच्चा वास जातो. बटाटा घालायचा असल्यास तो आधी उकडून घालावा, कारण आंबट पाण्यात तो लवकर मऊ होत नाही.

चव जुळवण्याची वेळ हीच, गोळे सोडण्यापूर्वीची. साखर आणि व्हिनेगर घालून केल्या जाणाऱ्या चिनी पद्धतीच्या आंबट-गोड रश्शात व्हिनेगरचा काही आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तसे उडत नाही. रस्सा जितका आटेल, तितका तो आंबट होत जातो. त्यामुळे या टप्प्यावर चव किंचित गोडाकडे झुकलेली असावी. चमचाभर रस्सा वाटीत काढून कोमट झाल्यावर चाखावा, चटका बसलेल्या जिभेला काही कळत नाही. चव बोथट लागली तर आधी मीठ पाहावे, कारण अनेकदा उणीव तिथेच असते. आंबट वाटल्यास राखून ठेवलेला गूळ सुपारीएवढा घालावा, फार गोड वाटल्यास उरलेला कोळ. दोन्ही चवी जास्त झाल्या असतील, तर गरम पाणी हाच उपाय.

आता गोळे अलगद सोडावेत आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे शिजवावेत. पहिली पाच मिनिटे डाव अजिबात घालू नये. हलवायचेच झाल्यास भांडे दोन्ही कानांना धरून फिरवावे. एक गोळा मोडून आत गुलाबी रंग नाही ना, हे पाहावे. तापमापक असल्यास मधोमध 71 अंश सेल्सियस पुरेसे आहे; कोंबडीचा खिमा वापरला असेल तर 74 अंश हवे.

आच बंद करून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मगच वाढावे. सोबत वाफेचा भात असावा; भाकरीबरोबर हा रस्सा मला थोडा पातळ वाटतो. उरलेले गोळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बराचसा रस्सा ओढून घेतलेला असतो, म्हणून अर्धी वाटी गरम पाणी घालून खळखळून उकळी आणावी आणि गुळाचा एक लहान खडा हाताशी ठेवावा.